दातांच्या डॉक्टरच्या खिशातला तपस पक्षी

चि. फुंकणी हिस,

ताईचे अनेक आशीर्वाद. (पंचावन्न वर्षांची झालीस तरी माझ्या लेखी तू चि. ती चि.च. हरकत असल्यास लेखी कळवावी.)

पत्र का लिहावं लागलं ते आधीच सांगते, म्हणजे कोण गेलं, कोण आजारी, असे तर्क करत बसणार नाहीस. गेल्या मंगळवारी दातांच्या डॉक्टरच्या खिशातून तुझा आवाज आला. आपलं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली. मी खुर्चीत आ वासून पडले होते, तोंडात आरसा, चिमटा आणि कापसाचे दोन बोळे, त्यामुळे "अहो, ही माझी धाकटी बहीण" एवढंही सांगता येईना. तू तीनदा घुमलीस, डॉक्टर फोनमध्ये "नंतर करतो" म्हणाले आणि माझ्या दाढेकडे वळले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "दुखतंय का?" म्हणाले. मी मानेनंच हो म्हटलं. दाढ पूर्ण बधिर होती.

तुझे गुडघे कसे आहेत? यजमानांचा रक्तदाब? माझी प्रकृती उत्तम आहे, एक दाढ वजा. आता मुद्द्यावर येते.

तुझी कन्या गाद्या बनवणाऱ्या कंपनीत जाहिरातीचं काम करते हे तुला माहीतच आहे. या कार्टीने मागच्या वर्षी माझ्याकडे दोन दिवस मुक्काम केला, तो मावशीच्या ओढीने आहे असं समजून मी नवी चादर काढली. मुक्काम कंपनीच्या कामाचा निघाला. तिच्या साहेबांच्या मनात आलं होतं की आपण एखादा नामशेष होत चाललेला प्राणी वाचवावा. वाघ आधीच तीन कंपन्यांनी धरून ठेवला होता, हत्ती रंगवाल्यांकडे गेला होता, कासव गादीच्या जाहिरातीला फार कडक वाटलं. तेव्हा ही म्हणाली, माझ्या मावशीच्या कॉलेजमागच्या पाणथळात एक पक्षी आहे, तो अजून कोणी घेतलेला नाही. झालं. आपला तपस गादीवाल्यांच्या पदरात पडला.

अडचण एकच होती. तपस दिसत नाही. पाणकणसांत मान वर करून असा उभा राहतो की सगळं आयुष्य त्याच्यामागे घालवलेल्या मलाही तो मोजून चार वेळा दिसला. फोटो नाही म्हटल्यावर आवाज वापरायचं ठरलं. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते, तेवढ्यात तुझ्या लेकीने न विचारता माझं कपाट उघडलं आणि ती कॅसेट शोधली. वर माझ्याच अक्षरात: तपस, नर, पहाटे ५.४०. "मावशी, ही नेऊ?" असं बाहेरून ओरडली. नाही म्हणायला माझ्याकडे चहा उकळेपर्यंतचा वेळ होता. मी तसं म्हटलं नाही.

काय सांगणार होते तिला? की एकवीस वर्षांची मावशी अकरा दिवस पहाटे चिखलात बसली, पक्ष्याने तोंड उघडलं नाही, प्रबंध सोमवारी द्यायचा होता, आणि तेव्हा तिच्या तेरा वर्षांच्या आईने प्रयोगशाळेतल्या मोठ्या काचेच्या चंबूत फुंकर घालून तीनदा "घूंऽऽम" काढलं? की त्यावर मावशीला पहिला वर्ग मिळाला? मी एकतीस वर्षं मुलींना शिकवलं, निरीक्षणाच्या वहीत एक आकडा खोटा लिहिला की वर्गाबाहेर उभं केलं. ही गोष्ट आपल्या दोघींशिवाय कोणाला ठाऊक नाही. (पत्र तुझ्या लेकीच्याच हाती देते आहे. तिने वाटेत फोडून वाचलं तर तिलाही ठाऊक झालीच. पाकीट मी चार ठिकाणी चिकटवलं आहे ते लक्षात ठेव, भाचीबाई.)

पुढची कल्पना तू करू शकतेस. "आवाज फोनमध्ये घ्या, तपस वाचवा." दोन महिन्यांत गावभर तू. भाजीवाल्याकडे तू, पोस्टात तू, आमच्या निवृत्त प्राचार्यांच्या शोकसभेत दोन मिनिटं स्तब्ध उभे असताना तू. तिसऱ्या हुंकाराच्या शेवटी तुला हसू फुटलं होतं ना, ते दाबलेलं "ख्" सुद्धा त्यांनी तसंच ठेवलंय. कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञाने त्यावर लेख लिहिला की नर या सुरात मादीला हळुवार साद घालतो. मी तो लेख कापून ठेवला आहे.

आता तू विचारशील, या जागृतीने (झोपवण्याचा धंदा आणि हौस जागृतीची!) पक्षी वाचतो का. मी न्यायाने बोलते. मी सतरा वर्षं अर्ज केले तरी पाणथळात बांधकामाचा राडारोडा पडतच होता, तो या लोकांचा एक फलक लागल्यावर आठवड्यात थांबला. हे मी नाकारत नाही. त्या रात्री मला अर्जांचाच राग आला. पण दर रविवारी दीडशे माणसं येतात, पाणकणसं तुडवून पायवाट पाडतात, पक्ष्याला त्याचाच (म्हणजे तुझाच) आवाज फोनवरून ऐकवतात आणि तो उत्तर देत नाही म्हणून नाराज होऊन जातात.

आणि मोजणी तर पार बिघडली. तपस कानाने मोजतात. सलग दोन वर्षं एकही आवाज नाही. या वर्षीच्या तीन सकाळींत निदान एक नर ऐकू आला नाही तर पाणथळ संरक्षित यादीतून निघतं आणि त्यातून रस्ता जातो, आखणी झाली आहे. पहिली सकाळ कोरी गेली. दुसऱ्या सकाळी गादीवाले साहेब लवाजमा घेऊन हजर. मी परडी फिरवली आणि सगळ्यांचे फोन बंद करून जमा केले, एकतीस. साहेब कुरकुरले, "मॅडम, महत्त्वाचा फोन यायचाय." मी म्हटलं, पक्ष्याचाही यायचाय. पाऊण तास चिखलात एक माणूस बोलला नाही, आणि मग पलीकडच्या काठाच्या दाट पाणकणसांतून तीन हुंकार आले. माझ्या अंगावर काटा आला, फुंकणे. आणि शेजारची बाई म्हणाली, "छे, हा तो नाही. खरा जास्त गोड आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब मला समजावून सांगू लागले की हा बहुधा दुसराच कुठला पक्षी असावा.

लोकांचं सोड. मलाच खात्री देता येईना. पलीकडच्या काठावर फिरायला येणाऱ्यांची वाट आहे, तिथे कोणाच्या खिशात फोन वाजला असेल तर? शेवटचं ते "ख्" असतं तर लगेच कळलं असतं. पण इतक्या लांबून तुझं हसू ऐकू येत नाही.

तक्त्यात मी "शंकास्पद" लिहिलं. एकदा खोटं लिहून झालं आहे, दुसऱ्यांदा लिहिणार नाही, रस्ता झाला तरी. शेवटची मोजणी येत्या शनिवारी पहाटे आहे. शंकास्पद नोंद पक्की करायला दुसऱ्या ऐकणाऱ्याची सही लागते, आणि कोणता हुंकार पक्ष्याचा आणि कोणता तुझा, हे शपथेवर सांगू शकणारा माणूस एकच आहे. तुझा दम कुठे संपतो ते तुलाच ठाऊक.

सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. तुझी लेक म्हणते, शनिवारी आईला फोन लावू, ती तिथूनच ऐकेल. मी सांगितलं, फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवूनच आपण इथवर आलो.

ता. क. २. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा दारात मी तुला म्हटलं होतं की पाहुण्यांची सोय बाहेरच्या खोलीत केली आहे. त्या वाक्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. फक्त कळवते की बाहेरच्या खोलीत आता पुस्तकं रचली आहेत, तिथे पाय ठेवायला जागा नाही. तुला आतच, माझ्या शेजारच्या पलंगावर झोपावं लागेल. घोरत असशील तर आधी सांग. सांगितलंस तरी चालेल, न सांगितलंस तरी चालेल.

ता. क. ३. नियमाच्या पुस्तकात आज पुन्हा पाहिलं. दुसरा ऐकणारा कोणीही चालतो, गादीवाले साहेबसुद्धा.

भाचीच्या हाती आज रविवारी दिलं, तिची सही घेतली: पाकीट एक, चिकटवलेलं. मोजणीचा तक्ता एक, शेवटचा रकाना कोरा. गुडघ्यांचं तेल, बाटली एक. गाडीचं तिकीट एक, शुक्रवारचं, इकडे येण्याचं. परतीचं काढलेलं नाही.