खोटा नळ

मंगळवार, संध्याकाळ. बुढापारा, रायपूर.

आज आमच्या टीव्ही स्टुडिओत झुणका करून दाखवायले उरला या कारखान्यांच्या भागातल्या शोभाताई आल्या. बेसन घ्यायच्या आधी हात धुवायले त्यांनी नळ फिरवला. पाणी कुठून येणार? सेटच्या भिंतीवर तो नळ मीच ठोकलेला, फक्त दिसायले.

डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, "दीदी, बस एक्टिंग कर दो."

"हात न धुता बेसन भिजवू? काहून?" शोभाताई सरळ बाजूले जाऊन बसल्या. शूटिंग ठप्प. शेवटी मीच म्हणालो, चला, ताईंच्याच घरी करू.

तिथं ओट्यासमोर दोन कॅमेरे लावले, तासाभरात काम झालं. बाहेरून ट्रक गेला की डबे वाजायचे. वाजू दिले.

अन् उद्या नवा रायपूरच्या मोठ्या स्टुडिओसाठी किचनच्या सेटचा नकाशा मलेच द्यायचा आहे. पुन्हा तसाच नळ काढू? नाही काढत. चॅनेलच्या साहेबांले सांगतो, नव्या स्टुडिओत एडिटिंग करा, शूटिंग लोकांच्या घरी. मग सेटवाल्याचं काय? थोडी धाकधूक आहे, खोटं काहून लिहू. पण कोणत्या घरात उजेड कुठून येते, कॅमेरा कुठं बसते, हे माझ्याएवढं कोणाले समजते? घरं मी निवडीन. काम कुठं जात नाही.

झुणका वाढायच्या आधी शोभाताईंनी आम्हा सगळ्यांले हात धुवायले लावले. मी नळ फिरवला अन् पाणी आलं, तर दचकलोच.