पाच ट्रे आणि माझा अंगठा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे अर्ध्यातच थांबलोय, उरलेला मनातल्या मनात पुरा धर.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की डॉक्टरला खोटं पाडायचं म्हणून अजून खोकतायत? तुझं रागाचं पत्र मिळालं. भाचीला मुलगा होऊन सहा आठवडे झाले, सख्खा मामा तासाभराच्या अंतरावर राहतो आणि अजून बाळाला मांडीवर घ्यायला फिरकला नाही, त्याअर्थी त्याचं काळीज दगडाचं झालं, असं तू लिहिलंस. दगडाचं झालं असतं तर फार सोयीचं होतं. दुकानामुळे निघता येत नाही असं मी फोनवर सांगितलं, ते साफ खोटं. खरं कारण आता लिहितो, पण बसून वाच.

बाळ झालं त्याच आठवड्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी मटणाच्या दुकानाचं शटर वर केलं, तर समोर फूटपाथवर पाच पांढरे ट्रे. आपण माल ठेवतो तसलेच, फक्त माणसाच्या मापाचे. प्रत्येकात एक जिवंत माणूस, अंगाला चिकटणारे कातडीच्या रंगाचे कपडे, वर लाल रंग फासलेला, आणि सगळ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणलेलं. (नाकाशी भोक होतं, तेवढी अक्कल होती.) प्राण्यांच्या हक्कांसाठी भांडणारी मंडळी होती ती. घोषणा नाहीत, फलक नाहीत, डोळे मिटून नुसतं पडून राहायचं. त्यांचा म्होरक्या, एक दाढीवाला, बाजूला हात बांधून उभा. तुझ्या वहिनीने पाच कप चहा नेला, तर एकानेही पापणी हलवली नाही. पोलिसाला बोलावलं, तर तो म्हणाला शांततेत चाललंय, आणि टोपी काढून उभा राहिला. कुणाच्या मयताला आल्यासारखा.

दोन दिवस मी गप्प बसलो. पण ताई, तिसऱ्या दिवशी माझ्याच्याने राहवेना. त्यांनी अंगावर स्टिकर लावले होते ते सगळे चुकीचे! खांद्यावर ‘मांडी’, बरगडीवर ‘मान’. प्लॅस्टिक इतकं ढिलं की आत घाम धरलेला. असा माल मी काउंटरवर ठेवला असता तर वडिलांनी मला उभा सोलला असता. मी पेन घेऊन गेलो, पाचही जणांचे स्टिकर दुरुस्त केले, प्लॅस्टिकच्या कडा नीट खाली दुमडल्या. रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाटकाचं मन पालटलं, अशी बातमी माझ्या फोटोसकट छापून आली. (पोट फार दिसतंय, कात्रण पाठवत नाही.)

गुरुवारी आमचे जुने गिऱ्हाईक आले, रिटायर झालेले पोस्टमास्तर. चष्मा दुरुस्तीला दिलेला. फूटपाथवरच थांबले, बोट दाखवलं आणि म्हणाले, त्यातलं तिसरं बरं दिसतंय, पाठीकडचं द्या. आणि मी हो म्हणालो. तुझ्या गळ्याची शपथ, त्यात माझं काही डोकं नव्हतं. तीस वर्षं गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की मी हो म्हणतो आणि अंगठा पुढे जातो. तो गेला. दंडावर दाबून पाहिलं, मग घसरत कोपरावर आला आणि सांधा जिथे सुटतो तिथे बरोबर थांबला. मांस गरम होतं. माझ्या दुकानात गरम काही नसतं, तेव्हा मला कळायला हवं होतं. पण तोवर तोंडाने नेहमीसारखं वजन सांगून टाकलं होतं. चोपन्न किलो, हाडासकट.

तिसऱ्या ट्रेमध्ये एक पोरगी होती, तिने डोळे उघडले. वीस-एकवीस वर्षांची असेल, आपल्या भाचीपेक्षा लहान. ओरडली नाही. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, “बरोबर.”

मग ती उठली, प्लॅस्टिक फाडलं, आणि तशीच लाल रंगात रस्त्याने चालत घरी गेली. बाकीचे चौघे तिच्या मागोमाग. पुन्हा कुणी आलं नाही. नंतर दाढीवाल्याची लेखी तक्रार आली, की आमचं आंदोलन लोकांना हादरवण्यासाठी असतं हे मान्य, पण तुम्ही मर्यादा सोडलीत. वहिनी हसून हसून लोळली. मीही हसलो. आपण जिंकलो, असंच तेव्हा वाटलं.

पण ताई, अंगठा काही परत आला नाही. दुकानात चोख काम करतो, तक्रार नाही. दुकानाबाहेर मात्र थांबत नाही. दातांच्या डॉक्टरांनी हात मिळवला, तर मी त्यांच्या मनगटाचा सांधा शोधत होतो. न्हावी कात्री उचलायला वाकला, आणि मला त्याची मान कुठून सुटेल ते दिसलं. वहिनीने कप पुढे केला की मी तो टेबलावर ठेवायला सांगतो. तिला वाटतं मी रुसलोय. रांगेतली माणसं मला आता अख्खी दिसत नाहीत. मला भीती वाटते, ताई. कुणाला इजा करीन अशी नाही, सुरा तर मी दुकानातच ठेवतो. पण जे हात असं चाचपतात, त्यांत मी बाळ कसं घेऊ?

म्हणून आलो नाही. भाचीला सांग, मामाचा गुडघा दुखतोय. भावोजींना नमस्कार, बाळाला लांबूनच आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : पोस्टमास्तरांचा चष्मा आला. त्या गुरुवारचा माल पुन्हा कधी येणार, असं विचारत होते.

आणखी एक ता. क. : तू पाकिटात बाळाचा फोटो घातलास, तो मी बघायला नको होता. दुपट्यात गुंडाळलेला, डोळे मिटलेले. तू वजन कुठेच लिहिलेलं नाहीस, पण माझ्या तोंडून निघून गेलं. चार किलो सहाशे. ताई, एवढं एक काम कर. त्याला काट्यावर ठेव आणि मी चुकलो असेन तर लगेच कळव, मिळेल त्या गाडीने निघतो. आणि बरोबर असेन, तर खोटं लिही.