दुधावाचून

सासूबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा तुम्ही असतात तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि चौथ्या ओळीला तुम्ही म्हणाला असतात, "पुरे गो, मुद्द्याचं सांग." म्हणून मुद्द्याचंच सांगते. धाकटी देवरूखहून आली आहे, आपल्या मुलाला घेऊन. दोन वर्षांचा झालाय. त्याला दूध सोसत नाही. प्यायला की ओकतो, अंगावर गांधी उठतात, पोट वाहतं. अगदी हिचं व्हायचं तसंच. सासरची माणसं हिला बोल लावतात, पोराला खायला घालता येत नाही म्हणून, आणि ही पोराला काखेत मारून माझ्याकडे आली. आल्या दिवशीच विचारलंन, "आई, मला तू काय खायला घालत होतीस?" मी म्हटलं, "तुझी आजी घालू देईल ते." तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. सगळं तोंडी सांगायला बसले तर निम्मं विसरते आणि उरलेल्यात भांडणच जास्त येतं. म्हणून आता दुपारी पोर निजलंय तोवर लिहिते. मी दुसरी इयत्ता शिकलेली, जोडाक्षर आलं की पेन्सिल अडते. चुकलं तर तुम्ही काही काढायच्या नाही आहात.

वरच्या दोघी पोरी तुमच्या त्या तांबड्या गाईच्या दुधावर टरारून वाढल्या, त्यामुळे दुधात काही वाईट असेल हे तुमच्या मनातसुद्धा येईना. धाकटीनं अंगावरचं सोडलं, तुम्ही वावडिंग घालून उकळलेल्या दुधाची वाटी तिच्या तोंडाला लावलीत, आणि पोर घटकाभरात निळीजांभळी होऊन ओकली. तुम्ही म्हणालात दृष्ट लागली. मीठमोहऱ्या उतरल्यात. मग म्हणालात दूध जड आहे, पाणी घाला. मग म्हणालात तांबड्या गाईचं उष्ण असतं, म्हणून शेजारच्या काळ्या गाईचं आणलंत. मग शेळीचं. पोर वाळक्या शेंगेसारखी झाली, नुसते डोळे उरले. राजापुराकडचे एक वैद्य गावात आले होते, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "दूध बंद करा, ताकभात द्या. ताकानं पोट बांधतं." सगळं कोकण पोट बिघडलं की ताकभात खातं, त्यात त्यांना तरी काय बोलायचं? ते स्वतः दोन वाट्या ताक पिऊन गेले आणि त्यांना काही झालं नाही. पोरीला झालं. दूध घुसळलं म्हणून त्याचं पाणी होत नाही, हे एवढं साधं कळायला आपल्या दोघींना ती पोर हातची जायची वेळ यावी लागली.

मग मी हट्टाला पेटले. दूध नाही, दही नाही, ताक नाही, लोणी नाही, तूपही नाही. तुपाचं ऐकून तुम्ही हातातली वाढणी खाली ठेवलीत. भातावर तुपाची धार पडल्याशिवाय अन्न शुद्ध होत नाही, हे तुमच्या घरात देवाच्या आधीचं. "तुपावाचून भात? तो काय पिंडाचा आहे?" मी तुपाची वाटी फळीवर ठेवली. "गाय दारात बांधलेली आणि नात पेजेवर! लोक म्हणतील, म्हातारीनं दूध विकून खाल्लंन." मी म्हटलं, "लोकांना ओकारी येत नाही, पोरीला येते." तुम्ही म्हणालात, "जीभ बघा हिची." मुंबईला ह्यांना पत्र घातलं, तर उत्तर आलं, आईच्या विचाराने करावे. घरापासून लांब राहणाऱ्या पुरुषांना हे एक वाक्य छान येतं.

मी तुमच्या विचारानं केलं नाही. सकाळी नाचणीचं सत्व, पण दुधाऐवजी नारळाच्या रसात शिजवलेलं. ओलं खोबरं पाट्यावर वाटायचं, कोमट पाण्यात कालवून फडक्यातून पिळायचं, की झाला रस. नाचणी भिजवून, वाटून, गाळून, वाळवून सत्व करायला जीव जातो, पण एकदा डबा भरला की आठ दिवस बघायला नको. तिसऱ्या प्रहरी पोरं भूक भूक करत चुलीपाशी येतात, तेव्हा वरच्या दोघींना तुम्ही दूधपोहे द्यायच्यात, आणि मी धाकटीला तेच पोहे खोबरं आणि गूळ लावून, वर नारळाच्या पाण्याचा हबका मारून, मऊ करून द्यायची. केळं कुस्करून रसात कालवलं की तिला शिकरण वाटायचं. फणसाच्या दिवसांत त्याच्या रसात कण्या कालवून वाफवलेलं सांदण, पावसात राखेत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या सोलून, बारीक ठेचून, मिठाचा खडा लावून. थंडीत उकडलेली रताळी. तुम्ही बघत असायच्यात. एकदा म्हणालात, "एवढं माझ्या पोरांना कधी केलंस तर." मी म्हटलं, "तुमची पोरं मी यायच्या आधीच मोठी झालेली होती." तुम्ही तोंड फिरवलंत, पण खांदे हलताना मला दिसले. हसलात ना? कबूल केलं नसतंत.

पोर बाळसं धरू लागली, पण पुरती बरी होईना. संध्याकाळपर्यंत बरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा गांधी. आणि ते सगळं सकाळीच, तुमची पूजा आटोपली की थोड्या वेळानं. माझ्या मनात एकच आलं, म्हातारी चोरून दूध पाजते. पोर सकाळी असायची तुमच्यापाशीच. घरात पुरुष माणूस नाही, म्हणून देव तुम्हीच धुवायच्यात, आणि ती घंटेच्या लोभानं देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहायची. मी दोन दिवस गिळलं, तिसऱ्या दिवशी पोर पुन्हा ओकली आणि मी देवघराच्या दारात जाऊन बोलले. "तुम्हीच पाजता तिला. तुमच्या गाईचा मान राहावा म्हणून पोरीचा जीव घ्याल."

असं सुनेनं सासूला बोलायचं नसतं. मला ठाऊक होतं आणि तरी बोलले, आणि आजही बोलेन. तुम्ही ताडकन उठलात. देवांपुढची पंचामृताची वाटी उचललीत, ती रोजची, दूध, दही, तूप, मध, साखर घातलेली, देवांना घालून उरलेलं तीर्थ. ती हातात धरून म्हणालात, "ह्या तीर्थाची शपथ. माझ्या हातून पोरीच्या तोंडात दुधाचा थेंब गेला असेल तर..."

आणि तिथेच थांबलात.

मी अजून तुमच्याकडे बघते आहे. तुम्ही वाटीत बघता आहात. रोज सगळ्यांना पळीभर तीर्थ, आणि हिला लाडकी म्हणून दोन पळ्या, कारण ती गोड लागतं म्हणून हात पुढे करून मागायची. तुम्हीच द्यायच्यात, आणि मी समोर उभी राहून बघायची, आणि पोरगी देवाचं घेते म्हणून मला बरंही वाटायचं. दूध, दही, ताक, तूप सगळं घरभर शोधलं आपण, पण तीर्थ हे तीर्थ, त्यात काय घातलंय हे कोण बघतो? तुम्ही वाटी खाली ठेवलीत. शपथ तशीच अर्धी राहिली. मी पोरीला उचलून परसात गेले. त्या दिवशी आपण दोघी जेवलोही नाही, आणि एकमेकींना तेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तुम्ही गड्याला माडावर चढवलंत. पूजा झाली, मी तीर्थाला हात पुढे केला. पाणचट, गोड, थंड. शहाळ्याचं पाणी. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही तुळशीकडे. "गाय आटत चाललीय," तुम्ही म्हणालात. "देवांना हेही चालतं." तेवढ्यात गोठ्यात गाय हंबरली, सड भरून टिचायला आलेले, अजून धार काढायची होती. मी म्हटलं, "हो, आटतच चाललीय." उभ्या जन्मात मी तुमचं एवढ्या लवकर कधी ऐकलं नव्हतं. तुमच्यासारख्या बाईनं देवांचं स्नान बदललं, तेही भटजींना न विचारता, म्हणजे काय ते मला कळत होतं. सोवळं म्हणून तुम्ही विहिरीवर दुसऱ्यांदा पाणी ओढायच्यात. वरच्या दोघी म्हणाल्या, "आजी, आज तीर्थ पांढरं कसं नाही?" तुम्ही म्हणालात, "तोंड मिटा आणि हात पुसा." पोरीच्या अंगावरच्या गांधी गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत.

पण आपलं बोलणं बंदच होतं. मला बोलायला लाज नव्हती, विषय नव्हता. मग एके दुपारी तुम्ही माळ्यावरून शिरवाळ्यांचा साचा काढलात. लाकडी, तुमच्या सासूच्या वेळचा. तांदळाची उकड काढलीत, गोळे उकळत्या पाण्यात सोडलेत आणि साचा माझ्यापुढे ठेवलात. शिरवाळे एकटीला होत नाहीत. एकीनं धरायचं, दुसरीनं अंगाचा भार घालून दाबायचं, आणि तेही गोळा हाताला चटके देत असताना, नाहीतर निवला की दगड.

"दाब गो."

"दाबत्ये."

"जेवत नाहीस काय?"

"तुम्ही वाढलंत तर जेवीन."

"जीभ तेवढी जोरात आहे. ती लाव साच्याला."

मला हसू आलं आणि साचा सुटला, पहिला घाणा जमिनीवर. तुम्ही ओरडलात. बरं वाटलं. दुसऱ्या घाण्याचे पांढरे शेवयांसारखे शिरवाळे पानावर पडले, तुम्ही वर नारळाचा रस, गूळ, वेलची घालून धाकटीपुढे ठेवलंत. ती एकेक तार ओढून खात होती, रस कोपरापर्यंत ओघळत होता. वरची म्हणाली, "हिला दूध कसं चाललं?" तुम्ही म्हणालात, "हे वेगळ्या गाईचं. ती माडावर बांधलीय." त्यानंतर कितीतरी दिवस धाकटी माडाखाली उभी राहून वर बघत "हम्मा, हम्मा" करायची, आणि येणारे जाणारे विचारायचे, हिला काय झालं?

पुढे ती मोठी झाली तशी दूध पचायला लागलं, चहा तर आता दिवसातून तीनदा लागतो. तुम्ही ते बघायला राहिला नाहीत. मी देवांचं शहाळं मात्र सोडलं नाही. भटजी विचारतात, तेव्हा आमच्या घरचा कुळाचार आहे म्हणून सांगते. ते मान डोलावतात. एका भांडणापासून कुळाचार सुरू होतो हे त्यांच्या पोथीत नसेल.

आता नातवाला तेच सगळं चाललंय. जावयांनी बिस्किटांचा डबा पाठवला होता, त्यात दूध आहे की नाही हे डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं धाकटीला वाचता येईना, म्हणून तो मीच संपवला. पोराला सांदण आवडतं. सत्व थुंकतो. खोबरं घातलेले पोहे मागून खातो आणि आठळ्यांसाठी चुलीपाशी राखेत हात घालतो, त्याबद्दल दोन धपाटेही खाल्लेत. गालांवर रंग आलाय. देवरूखच्या डॉक्टरांनी धाकटीला सांगितलंय, म्हणे, काही मुलांचं हे पुढे आपोआप जातं, मधून मधून चमचाभर देऊन बघा, सोसलं तर चिंता मिटली. सोसलं की ती परत जाणार, सासरहून बोलावणं आलंच आहे. मोटार मंगळवारी आणि शुक्रवारी असते.

हा कागद लिहून झाला की चुलीत घालणार आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. परवा नातू शेजारच्या पोरांच्या पंगतीत बसून दहीभात खाऊन आला. मी दिवसभर त्याचा सदरा वर करकरून बघत होते. पाठ स्वच्छ. काल पुन्हा गेला, पुन्हा खाल्लंन, रात्रभर गाढ झोपला. धाकटी नदीवर धुणं घेऊन गेली होती, तिला ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही.

आज सकाळी ती म्हणाली, "आई, आज चमचाभर दूध देऊन बघू या?" मी साच्याला खोबरेल लावत बसले होते. गोठ्यात गाय हंबरत होती, गेल्याच महिन्यात व्यालेली. मी मान वर न करता म्हटलं, "गाय आटत चाललीय गो."

तिनं गोठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचलान आणि साचा दाबायला माझ्यासमोर येऊन बसली.