तिसावी चिठ्ठी

रविवार, ९ जुलै

ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, पिल्लूला पापा. दाजींचा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर बोलायचं तर खोलीत आम्ही चौघी, आणि तिघींचे कान माझ्याकडेच लागलेले. म्हणून हा कागद.

मी अजून शर्टांना कॉलरच लावते. सुपरवायझर तोच, ओरडणंही तेच.

मागच्या आठवड्यात शेजारच्या बटणवालीला ताप भरला. कामाला लागून तिला महिनाच झालाय. चार महिन्यांचं बाळ घरी, आणि बाथरूमला दिवसातून दोनदाच जायची मुभा. छाती दगडासारखी झालेली. मी दाराशी पहारा दिला, तिनं बेसिनमध्ये दूध पिळून काढलं. सुपरवायझरला सांगितलं, पोट बिघडलंय. खरं सांगायची सोय नाही, कारण तिच्या फॉर्मवर 'मुलं : नाहीत' असं आहे. माझ्याही आहे. लहान मूल आहे म्हटलं की कामावर घेत नाहीत, तेव्हा आम्ही सगळ्याच शहाण्या.

तो शहाणपणा अंगाशी आला. मंगळवारी सरकारी तपासणीच्या बाई आल्या. सहा वर्षांखालची मुलं असलेल्या तीस आया असतील, तर कारखान्याला पाळणाघर काढावंच लागतं म्हणे. त्यांनी फॉर्म चाळले. अडीचशे बायकांत आया निघाल्या दोन! मॅनेजर शेजारीच हसत उभे, मग हात कोण वर करणार? जाताना बाई हळूच बटणवालीला म्हणाल्या, "तीस जणींची नावं लेखी पाठवा. मला परत यावंच लागेल. आणि तिसांना एकदम काढलं तर यांचे शर्ट कोण शिवणार?"

आमच्याकडे कॉलरच्या प्रत्येक गठ्ठ्याला साइजची चिठ्ठी बांधलेली असते, आणि गठ्ठा सगळ्या लाइनभर फिरतो. एकेक जण चिठ्ठीच्या मागे नाव आणि मुलाचं वय लिहू लागली. सुपरवायझर गठ्ठे मोजतो, चिठ्ठी उलटून बघत नाही. गठ्ठा सुटला की बटणवाली चिठ्ठी काढून जपून ठेवायची. शनिवारी दुपारपर्यंत एकोणतीस झाल्या. बटणवालीनं कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "तुझी आहे ना गं एक, बहिणीकडे?"

मी म्हटलं, नोकरी जाईल अशी भीती वाटते. तिला पटलं. तुला पटणार नाही, तू मला ओळखतेस.

भीती तुझी वाटते, ताई. पाळणाघर झालं, तर पिल्लूला तुझ्याकडे ठेवायला मला कारणच उरत नाही. दहा महिन्यांची असताना तुझ्या ओटीत घातली, आता साडेतीन वर्षांची झाली. तिची आजारपणं, तिची रात्रीची रडणी, सगळं तू काढलंस. तुला आई म्हणायला तू शिकवलं नाहीस, मला माहीत आहे. तिनं आपणहूनच म्हटलं. मागच्या खेपेला मी निघाले, तेव्हा तुझ्या पदराआडून "टाटा, मावशी" म्हणाली. तू तिला दटावलंस. मी हसले, आणि बसमध्ये बसल्यावर पोटभर रडले.

तुझं घर रिकामं करायला निघालेय, हे कळतंय मला. तरी काल लिहून दिलं : मुलगी, साडेतीन वर्षं. पाळणाघराला महिने लागतील, कदाचित होणारही नाही. पण झालं, तर मी तिला न्यायला येईन. तू नाही म्हणू नकोस. आणि हो म्हणताना माझ्यासमोर रडू नकोस, मला ते झेपणार नाही.

तिला इतक्यात काही सांगू नकोस. पत्र कोणाचं म्हणून विचारलंच, तर जे तिला ठाऊक आहे तेच सांग.

तुझी धाकटी,
आणि सध्या तरी तिची
मावशी