नासपतीचा राजा आणि आमचा भोपळा

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण गेल्या वर्षी तुमचा एक तास मी पनवेलच्या आमच्या शाळेत पुन्हा घेतला. मुंबईच्या कॉलेजातला तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही कोटाच्या खिशातून नासपती काढून टेबलावर ठेवता, आणि फळ्यावर चार चित्रं काढता. पहिल्यात फ्रान्सचा राजा, दुसऱ्यात त्याचे गाल सुटलेले, तिसऱ्यात आणखी, चौथ्यात नुसती नासपती. दगडावर तेलकट खडूनं काढून छापलेल्या असल्या चित्रांनी राजा हैराण झाला होता. चित्रकारानं कोर्टात विचारलं, यातल्या कुठल्या चित्रापासून गुन्हा सुरू होतो? वर्ग खो खो हसला. तरी त्याला तुरुंगात टाकलंच, असं तुम्ही सांगितलंत. पण तोवर पॅरिसची पोरं भिंतीभिंतीवर नासपती काढू लागली होती. तास संपल्यावर तुम्ही मला थांबवलंत. "तुमची टिपणं चोख असतात. पण सगळे हसले तेव्हा तुम्हाला हसू आलं नाही, की आवरलंत?" मी उत्तर न देता निघून गेले.

हीच गोष्ट मी नववीला सांगितली आणि आठवड्याभरात भित्तिपत्रकावर आमच्या संस्थेचे अध्यक्ष लाल भोपळा होऊन अवतरले, डोक्यावर टोपीसकट. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर. अध्यक्ष मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे माझ्याच, खोलीत येऊन गरजले, "बाई, गावात तोंड दाखवायला जागा नाही! हे काढणाऱ्या पोरीचा दाखला उद्या तिच्या हातात द्या." पोरगी उरणकडच्या कोळ्यांची, एसटीनं येणारी. दाखला हातात पडला की ती थेट आईशेजारी मासळीच्या पाटीपाशी बसणार, हे मला ठाऊक होतं. तिला बोलावलं. "तूच काढलंस?" "मीच काडलाय, बाई. पन टोपी काडून बगा, नुस्ता भोपलाच हाय." म्हणजे तास नीट ऐकला होता. पण कोर्टातली युक्ती त्या चित्रकाराला वाचवू शकली नव्हती, ती हिला कुठून वाचवणार? मी कोरा कागद पुढे सरकवला. "आता माझं काढ." "खरंच काडू? मारनार नाय ना?" "वाईट काढलंस तर मारीन."

तिनं माझा अडकित्ता केला. नाकाचं पातं, पदराखाली दोन दांडे, वर चष्मा. मी तो स्वतःच्या हातानं भोपळ्याशेजारी टाचला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले, बराच वेळ पाहत राहिले आणि पोट धरून हसले. "बाई, तुमच्यापेक्षा माझा भोपळा देखणा आहे हो!" दाखल्याचं नाव पुन्हा निघालं नाही. मुलगी यंदा दहावीत आहे, आणि गणितात अजून कच्ची.

त्या महिन्याच्या अखेरीस भित्तिपत्रक उतरवलं होतं. अडकित्ता रद्दीत टाकला, असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. तो माझ्या स्वयंपाकघरात आहे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. सकाळी चहाच्या डब्यासाठी दार उघडते आणि गॅसपाशी एकटीच हसते. हे पत्र मी त्याच कपाटात ठेवणार आहे. पाठवायचं तरी कुठे? पण तुम्ही विचारलं होतंत, म्हणून सांगते. आलं होतं, सर. आवरलं होतं.