कोपऱ्यावरचा ओक

केन क्रीक, केंटकी
गुरुवार, १७ मार्च १७९१

प्रिय एनॉक,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. तुला, पेशन्सला आणि तुमच्या बाळाला. मुलगा झाला की मुलगी हे अजून कळलेलं नाही, म्हणून नुसतं बाळच लिहिते.

इकडे सगळे ठीक. लाल गाय व्याली. लिडिया आता नऊ वर्षांची झाली, सूत चांगलं काढते आणि उलट उत्तरंही चांगली देते. मधाचं एक पोळं अस्वलानं नेलं. जेरेडचं म्हणशील तर त्याला आता मिसिसिपीपलीकडची जमीन दिसायला लागली आहे. तिथे म्हणे मका हात न लावता वर येतो. इथे यायच्या आधीही त्यानं हेच सांगितलं होतं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि नवऱ्याचं म्हणणं खरं धरत होते.

तुझ्या घरात अजून कुणी राहायला आलेलं नाही. झऱ्याचं पाणी आम्हीच भरतो.

तुझा अर्ज पोचला. पाळकांनी तो चर्चच्या मंडळीत वाचून दाखवला. कंबरलँडची मंडळी आमच्याकडचं चांगल्या वागणुकीचं पत्र आल्याशिवाय तुम्हाला आत घेत नाही, आणि जो मंडळीत नाही त्याच्या घराचे ओंडके उचलायला कुणी येत नाही, म्हणून तुम्ही अख्खा हिवाळा एका तिरक्या छपराखाली काढलात. पाळक हे वाचत होते तेव्हा मी बायकांच्या बाकावर बसून हातमोजा विणत होते. टाके चुकले, सगळा उसवावा लागला. निर्णय परवा शनिवारच्या सभेत आहे. जेरेड विरोध करणार आहे. बांध कोरणाऱ्याला चांगल्या वागणुकीचं पत्र कसलं, असं तो गिरणीवर चारचौघांत बोलून आला.

एनॉक, तीन वेळा हे पत्र इथवर आणून मी चुलीत घातलं आहे. आज घालणार नाही.

हा आत्ता सरला तो नाही, त्याच्या आधीचा हिवाळा आठव. जेरेड ऑक्टोबरात शिकारीला गेला. नाताळला येतो म्हणाला आणि आला फेब्रुवारी संपताना, सोबत सहा कातडी आणि साठ गोष्टी. त्यानं फोडून ठेवलेली लाकडं नाताळातच संपली. मग बर्फ कमरेएवढं झालं आणि लिडियाचा घसा धरला. श्वास घेताना तिची छाती आत जायची. रानात लाकूड ढीगभर होतं, पण सगळं ओलं, नुसता धूर करणारं. कोरडं झाड एकच जवळ होतं, ओढ्याकाठचा तो वीज पडून अर्धा वाळलेला ओक. आपल्या दोन्ही जमिनींच्या कोपऱ्यावरचा, जेरेडनं कुऱ्हाडीचे तीन घाव घालून खूण केलेला.

तो मी तोडला.

दोन दिवस लागले. मधे मधे येऊन पोरीला पाणी पाजायचं, विस्तवाला उरलंसुरलं घालायचं, की परत जायचं. त्या तीन घावांचा तुकडा मी दुसऱ्याच दिवशी चुलीत घातला, मुद्दाम नव्हे, तो हाताला आधी लागला म्हणून. खूण मला दिसत होती. रानात हजार झाडं आहेत, जेरेड दुसऱ्यावर घाव घालील, असं मनात म्हटलं. पोरगी वाचली. त्या झाडाच्या उबेवर वाचली.

पुढचं तू भोगलंस. मार्चमध्ये तू आपल्या बाजूची झुडपं जाळलीस, आग कोपऱ्यापर्यंत गेली आणि मी ठेवलेला बुडखा जळून राख झाला. एप्रिलमध्ये मोजणीदार साखळी घेऊन आला, बरोबर पंच म्हणून चार शेजारी. जेरेड मोठ्या ऐटीत पुढे. कोपऱ्यावर पाहतात तर झाड नाही आणि जमीन काळी. मोजणीदारानं मग पुढच्या बीचच्या झाडावरून रेघ ओढली आणि झरा तुझ्या बाजूला गेला. झऱ्यासाठी तूच खुणेचं झाड तोडून जाळलंस असं सगळ्यांनी धरलं. त्यानंतर तुझं कोण ऐकणार? जेरेडनं तुला विचारलं, तुझ्या गड्याला विचारलं, गिरणीवाल्याला विचारलं, त्याच्या कुत्र्याला विचारायचं तेवढं बाकी ठेवलं. मी चार हात अंतरावर मक्याच्या भाकरी थापत होते. मला कुणीही विचारलं नाही.

आणि मीही बोलले नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी चढवली आणि चोर भाकरी वाढत राहिला. मंडळीनं तुला काढलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. अवघडलेल्या पेशन्सला गाडीत बसवून तू सप्टेंबरात गेलास, तेव्हा मी तिला साखरेचा खडा दिला. त्याची लाज मला अजून वाटते.

जेरेडच्या भीतीनं गप्प राहिले असं लिहिणं सोपं आहे, आणि थोडं खरंही आहे. पण पुरतं खरं नाही. मला तुझा राग आला होता. तू अर्ध्या मैलावर होतास. जेरेड जाताना तू म्हणाला होतास, ताईकडे मी बघतो. सबंध हिवाळा तू एकदा फिरकला नाहीस. माझा धूर दिसत नव्हता तेव्हाही नाही. मी झाडावर घाव घालत होते त्याचा आवाज तुझ्या अंगणापर्यंत येत असणार, कारण तुझ्या कुऱ्हाडीचा माझ्यापर्यंत यायचा. म्हणून तुझ्यावर आलं तेव्हा मनात आलं, भोग जरा. जरा म्हणता म्हणता किती झालं, ते तुझ्या अर्जात वाचलं.

परवा मी जेरेडला सगळं सांगितलं. तो शिसं वितळवून गोळ्या ओतत होता. ओरडेल, मारेल, काहीतरी करील असं वाटलं होतं. त्यानं साचा खाली ठेवला आणि विचारलं, "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"मग सांगू नकोस. झाड गेलं, तुझा भाऊ गेला. आता चार लोकांत माझं तोंड काळं करून काय मिळवणार?"

"एनॉकचं नाव."

"झऱ्याचं पाणी रोज पितेस ना? गोड लागतं ना?" असं म्हणून त्यानं पुन्हा साचा उचलला.

मी थांबले. वाटलं, आता तरी विचारील, त्या हिवाळ्यात पोरीला काय झालं होतं, तू एकटीनं कसं निभावलंस. त्यानं सगळ्या गोळ्या ओतून संपवल्या. मग जेवण झालं का, ते विचारलं.

हसू येतं मला या पुरुषांचं. इथल्या मूळच्या शॉनी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकारीची रानं, त्यांची मेर कुणी विचारली नाही, आणि आपल्या एका वाळक्या झाडासाठी ‘शेजाऱ्याची मेर सरकवू नको’ हे देवाचं वचन काढून वाचतात.

शनिवारी मी मंडळीत उभी राहून बोलणार आहे. कोर्टात नवऱ्याविरुद्ध बायकोची साक्ष चालत नाही, पण मंडळीत आपलं पाप सांगायला बाईला बंदी नाही. तुला पत्र मिळेल, मला बहुधा काढतील. घरी काय होईल ते माहीत नाही. लिडियाला मी आधीच सांगितलं आहे. ती म्हणाली, मी तुझ्याशेजारी उभी राहीन.

मीठवाला आज दुपारी तिकडे निघतो आहे. मुद्दाम आजच त्याच्या हाती देते आहे, शनिवारची वाट न पाहता. माझी मला खात्री नाही. मी बाकावरून उठलेच नाही आणि पुन्हा खालीच पाहत बसले, तर हे पत्र तुझ्या तिकडच्या मंडळीला वाचून दाखव. पहिल्यापासून वाच, काही गाळू नकोस, तुझ्याबद्दलचंही.

माफी मागत नाही. ती मागायला तुझ्या छपराखाली येऊन बसायला हवं. पण एक विचारते, त्याचं उत्तर दे. पेशन्सच्या नाही, तुझ्या हातानं लिही. कुऱ्हाडीचा आवाज तुला ऐकू येत होता का?

ओक तोडणारी तुझी बहीण,
थर्झा मॅडॉक्स