गाडी कोण हलवतं?

प्रिय जितू,

गाडी मजेत आहे असं फोनवर सांगते ना, ते अर्धंच खरं आहे. तू बदली होऊन पुण्याला गेलास आणि गाडी आम्हा बापलेकीच्या गळ्यात मारलीस. आमच्या भाईंदरच्या रस्त्याचा नियम तुला माहितीये, सम तारखेला शाळेच्या बाजूला, विषमला दुकानांच्या. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सातच्या आत पलीकडे नेली नाही, की टोइंगवाले उचलतात. मला चालवता येत नाही. आणि बाबांचा डावा डोळा गेल्यापासून डॉक्टरांनी त्यांना स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. म्हणून चावी खालच्या नॅथनकडे दिली.

मागच्या आठवड्यात डाव्या दारावर ओरखडा दिसला. माझं डोकंच फिरलं. काशीमीऱ्याच्या गॅरेजात काम करणारा माणूस गाडी घासेल? सीटही पुढे ओढलेली, आणि हा ताडमाड उंच! नक्की दुसऱ्या कुणाला देतोय. रोज किलोमीटर बघायला लागले. आकडा हलेना, तरी संशय जाईना. शेवटी परवा जिन्यातच वाट्टेल ते बोलले. चोर म्हटलं रे त्याला. तो मान खाली घालून नुसता सॉरी दीदी म्हणाला. मला वाटलं, पकडला!

काल पहाटे मुद्दाम गॅलरीत उभी राहिले. दूध आणायला गेलेले बाबा स्टिअरिंगवर! पुढे नॅथन उलटा चालत, आने दो, आने दो करतोय. तेवढ्यात डावीकडून फुलवाल्या गोदूबाई टोपली घेऊन आल्या. बाबांना दिसल्याच नाहीत. नॅथनने बॉनेटवर थाप मारली म्हणून वाचल्या. आणि बाबा? गाडी लावून उतरले ते हसत. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, डोळा गेल्यापासून पहिल्यांदा हसला. नंतर मी नॅथनची माफी मागितली. तो म्हणाला, अंकल हात जोडायचे, नाही म्हणवेना.

हे फोनवर बोलले असते, पण बाबांचे कान शाबूत आहेत. रविवारी ये आणि गाडी घेऊन जा. पुण्यात लागते म्हण, माझं नाव काढू नकोस. चिडतील, महिनाभर तुझ्याशी बोलणार नाहीत. तेवढं सोस रे. माझ्याशी अबोला धरला, तर या घरात ते बोलणार कुणाशी?

तुझीच,
स्वातीताई